ईव्हीला बाहेरचं परफॉर्मन्स मॉड्यूल लावून सात-आठ महिने झाले, सविस्तर अनुभव

मॉड्यूल लावल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूंचा काही उपयोग नसतो असं माझं ठाम मत आहे, कारण तेव्हा सगळंच भारी वाटतं. म्हणून मी मुद्दाम थांबलो, थंडी बघितली, उन्हाळा बघितला, मधे गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट येऊन गेले, आता लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. मॉड्यूल या नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिलं पेडलवालं. ते ॲक्सिलरेटरच्या कनेक्टरवर बसतं, पेडलमधल्या सेन्सरचा सिग्नल वाचतं आणि वाढवून पुढे पाठवतं, म्हणजे तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं तर गाडीला वाटतं ५० टक्के दाबलंय. बस एवढंच. पेडल पूर्ण दाबल्यावर ताकद होती तेवढीच, ० ते १०० किमी वेग गाठायची वेळ पण तीच. मी आधी हे वापरून बघितलं आणि इलेक्ट्रिक गाडीत ते अजिबात घेऊ नये असं सांगेन. एकतर ईव्हीचा पिकअप मुळातच तात्काळ असतो, आणि दुसरं म्हणजे वन पेडल ड्रायव्हिंगची, म्हणजे एकाच पेडलने गाडी पळवायची आणि हळू करायची त्या पद्धतीची, वाट लागते. पेडलच्या वरच्या भागात रिजन असतं, म्हणजे मोटरच गाडी हळू करते आणि ती वीज बॅटरीत परत जाते, खालच्या भागात ओढ, आणि मधे एक छोटी जागा असते जिथे गाडी ना ओढते ना थांबते, नुसती वाहत राहते. मॉड्यूल लावलं की ती जागा इतकी चिंचोळी होते की पाय तिथे टिकतच नाही, गाडी सारखी मागे-पुढे करते आणि मागे बसलेल्यांच्या माना हलत राहतात. काढून टाकलं.

दुसरं खरं मॉड्यूल, ते गाडीच्या आतल्या वायरिंगमध्ये मधे बसतं आणि कॅन बसवरचे (गाडीतले कंप्युटर ज्या वायरवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावरचे) मेसेज बदलून खरोखर टॉर्क, म्हणजे मोटरची ओढ, वाढवतं. हे शक्य होतं कारण काही गाड्यांत मोटर आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची) ताकद जास्त असते आणि कंपनीने ती सॉफ्टवेअरने अडवलेली असते. टेस्लाने स्वतः डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ लाँग रेंज ड्युअल मोटरसाठी २,००० डॉलरला अॅक्सिलरेशन बूस्ट विकायला काढला, गाडीत एक स्क्रूसुद्धा न बदलता ताशी ० ते ६० मैल वेग गाठायला ४.४ वरून ३.९ सेकंद. मग २०२० मध्ये कॅनडातल्या इंजेनेक्स्टने साधारण निम्म्या पैशात तेच काम करणारं मॉड्यूल आणलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेस्लाच्या अपडेटने ते पकडलं, स्क्रीनवर इशारा यायला लागला की गाडीत न जुळणारा बदल सापडलाय, नुकसान होऊ शकतं किंवा गाडी बंद पडू शकते. हा किस्सा प्रत्येकाने घेण्याआधी लक्षात ठेवावा, कारण तुमची ताकद ज्या सॉफ्टवेअरमधून मोकळी होते त्याची चावी कायम कंपनीकडेच असते.

बसवणं अवघड नाही पण घाई करू नका. माझ्या गाडीत लो व्होल्टेज बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने ट्रिमच्या क्लिपा एकेक करून सोडवायच्या, मूळ कनेक्टर काढून मधे मॉड्यूल घालायचं आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचं. तो आवाज आला नाही तर पुढे जाऊच नका, अर्धवट बसलेल्या कनेक्टरमुळे भलभलते एरर येतात. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलना मात्र हात लावायचाच नाही.

आता फरक. सिग्नलवरून सुटताना वाटतो त्यापेक्षा खरी मजा ताशी ६० ते १०० किमीमध्ये आहे, ओव्हरटेक करताना पाय दिला की गाडी अक्षरशः पुढे ढकलली जाते, विचार करायच्या आत काम झालेलं असतं. पण हे बॅटरी चांगली चार्ज असताना आणि कोमट असताना. चार्ज २०-२५ टक्क्यांवर आला किंवा कडाक्याची थंडी असली की मॉड्यूल असून नसल्यासारखं, कारण बॅटरी किती करंट देणार हे तिच्या तापमानावर आणि चार्जवर ठरतं, आणि तो निर्णय बॅटरीची मॅनेजमेंट सिस्टीम घेते. लागोपाठ जोरात पळवली तर उष्णतेमुळेही ताकद कमी होते. ही संरक्षणं ओलांडतो असं सांगणारं मॉड्यूल कोणी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.

रेंजबद्दल सगळे विचारतात. शांतपणे चालवली तर काही फरक नाही. टायर मात्र लवकर गेले. ईव्ही आधीच जड, त्यात हा टॉर्क.

सगळ्यात त्रासदायक भाग अपडेटचा. पूर्वी रात्री अपडेट लावून निवांत झोपायचो, आता प्रत्येक अपडेट आला की आधी मॉड्यूलवाल्यांचं फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्याशी जुळतंय का याची वाट बघायची. एकदा त्यांनी बराच उशीर केला, तोपर्यंत सुरक्षेशी संबंधित दुरुस्ती असलेला अपडेट मी लावला नव्हता, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही. शेवटी मॉड्यूल काढून अपडेट लावला. थोड्या पिकअपसाठी ब्रेकची किंवा एअरबॅगची दुरुस्ती लांबवू नये, कोणीच.

वॉरंटीचं म्हणाल तर सर्व्हिसला देण्याआधी काढून ठेवणारे बरेच आहेत, पण गाडीच्या लॉगमध्ये नोंदी राहू शकतात, त्यामुळे मी सरळ सांगतो. इन्शुरन्सलाही कळवलंय, अपघातानंतर क्लेमचा घोळ होण्यापेक्षा ते बरं.

ज्यांच्या गाडीला कंपनीचाच अधिकृत बूस्ट मिळतो त्यांनी जास्त पैसे घालून तोच घ्यावा, पोलस्टार २ या इलेक्ट्रिक गाडीला पण तसा मिळतो. लीजच्या गाडीला बाहेरचं लावूच नका. आणि घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या, अपडेटने मॉड्यूल बंद पडलं तर नवीन फर्मवेअर किती काळ फुकट देणार, आणि ते देता आलं नाही तर पैसे परत करणार का.