डायनोजेस्ट २ मिग्रॅ: चाळिशीनंतरच्या एंडोसाठी घेतलेल्या गोळीचा रिव्ह्यू

सरळच सांगते, डायनोजेस्ट ही प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची गोळी चांगली आहे, ५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो सुरुवातीच्या स्पॉटिंगसाठी, म्हणजे मध्येच डाग लागतात त्यासाठी, कारण पहिले काही महिने ही गोळी डोकं फिरवते आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच जणी वैतागून ती सोडून देतात, आणि मग सगळीकडे सांगत सुटतात की काही उपयोग नाही त्या गोळीचा.

मी ४७ ची, नाशिकला असते, शाळेत शिकवते. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे एंडो (गर्भाशयाच्या पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार), तिशीतच निघालं होतं, दुर्बिणीने ऑपरेशन करून चॉकलेट सिस्ट (ओव्हरीत जुनं रक्त साठून झालेली एंडोची गाठ) काढली, मग बरीच वर्षं ठीक गेली आणि चाळिशी ओलांडल्यावर डाव्या ओव्हरीत परत गाठ, त्यात सोनोग्राफीत बल्की युटेरस (फुगलेली पिशवी), अ‍ॅडेनोमायोसिस (तेच अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) असं सगळं लिहून आलं. पाळी कधी २२ दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि आली की पोटात, कंबरेत, मांडीपर्यंत कळा. पाळीत संडासला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं व्हायचं, हे लाजून कुणाला सांगत नाही आपण पण डॉक्टरांना नक्की सांगा, आतड्याजवळ एंडो असेल तर हाच धागा त्यांना सापडतो. पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना, म्हणजे जगात १९ कोटींना हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडे अजून 'बाईच्या जातीला दुखायचंच' यावर विषय संपतो.

या वयात मिळणारा दुसरा सल्ला म्हणजे 'आता काय, दोन-चार वर्षांत पाळी जाईलच, काढ कळ'. आता यातला घोळ असा की पाळी जायच्या आधीची वर्षं एंडोवाल्यांना शांत जातातच असं नाही. एंडो ज्यावर वाढतं ते इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू उतरत जात नाही, ते वरखाली उड्या मारतं, एखाद्या महिन्यात तर विशीतल्यापेक्षा जास्त असू शकतं. बीज सुटणं चुकायला लागतं म्हणून इस्ट्रोजेनला आवरणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. त्यात पिशवीबाहेर चिकटलेले ते एंडोचे डाग स्वतःचंही थोडं इस्ट्रोजेन बनवतात. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते म्हणतात पण माझ्या आईची पन्नाशीनंतर गेली, म्हणजे मी किती कळ काढायची होती ते सांगा.

पहिल्या एका ठिकाणी तर (नाव नको) पाच मिनिटांत 'पिशवी काढून टाका, मुलं झालीत ना, कटकट मिटली' असं सांगून ऑपरेशनची तारीखच विचारली. मी दुसरं मत घेतलं आणि ते प्रत्येकीने घ्यावं असं माझं ठाम म्हणणं आहे. पिशवी काढण्यात वाईट काही नाही, अ‍ॅडेनोमायोसिसला तो पक्का इलाज आहे, पण एंडो पिशवीच्या मागे, आतड्यावर, मूत्राशयाजवळ पसरलेलं असेल आणि ते तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. आणि सोबत 'आता कशाला हव्यात' म्हणून दोन्ही ओव्हऱ्याही काढल्या तर एका दिवसात मेनोपॉज, घामाचे लोट, पुढे हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका वेगळाच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये पेपरात सगळ्यांनी वाचलंय, सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. त्यामुळे कुणी पटकन पिशवी म्हणालं की मी आधी का ते विचारते.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी मात्र कागद घेऊन सगळे पर्याय नीट समजावले. एक, मिरेनासारखं हार्मोनचं उपकरण, पिशवीत बसवायचं, त्यात ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं आणि ते रोज अगदी थोडं थोडं सुटत राहतं. रक्तस्राव जास्त असणाऱ्यांना आणि अ‍ॅडेनोमायोसिसला चांगलं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना त्याने इतका आराम पडला की त्या येईल त्याला सांगतात. पण ते मुख्यतः पिशवीपुरतं काम करतं, ओव्हरीतली गाठ त्याने आटोक्यात राहीलच असं नाही, आणि माझं दुखणं पिशवीपेक्षा बाहेरचं जास्त. दोन, ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं, ते ओव्हरी झोपवूनच टाकतं, दुखणं थांबतं पण हाडांवर परिणाम होतो म्हणून सोबत थोडं हार्मोन दिल्याशिवाय सहा महिन्यांपुढे सहसा नेत नाहीत, आणि या वयात हाडांशी खेळ मला नको होता. तीन, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या, त्यात इस्ट्रोजेन असतं, चाळिशीपुढे बीपी, मायग्रेन, सिगारेट, रक्ताच्या गुठळीचा इतिहास यातलं काही असेल तर नको. मला मायग्रेन आहे, बाद. राहिली ही डायनोजेस्ट.

आता खरा रिव्ह्यू. रोज एक गोळी, २ मिग्रॅ, रोज त्याच वेळेला, मध्ये सुट्टी नाही, पाळी आली काय न आली काय चालूच ठेवायची. जेवणाआधी-नंतर फरक पडत नाही. मी रात्री दात घासताना घेते. घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर परत एक घ्यायची. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा असर कमी होतो, तेव्हा प्रिस्क्रिप्शन घेतानाच सांगून टाका. लिव्हरचा आजार, पायात गुठळी, हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असं काही असेल तर ही गोळी नाहीच.

स्पॉटिंग. हे कुणी आधी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. सुरुवातीला चॉकलेटी डाग, मध्येच लाल, मध्येच आठवडाभर काही नाही, परत डाग. कुठल्याही कार्यक्रमाला जाताना पर्समध्ये पॅड, पांढरा ड्रेस कपाटातच. हे अस्तर पातळ होत जातं म्हणून होतं आणि बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, माझंही झालं, आता पाळीच येत नाही आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. पण एक गोष्ट वेगळी काढून सांगते, पंचेचाळिशीपुढे अनियमित ब्लीडिंगला 'गोळीचं असेल' किंवा 'मेनोपॉजचं असेल' म्हणून सोडायचं नाही. माझ्या मॅडमनी गोळी सुरू करायच्या आधीच आतून सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासून घेतला, मला तेव्हा उगाच खर्च वाटला होता पण ते करूनच गोळी द्यायची असते, कारण न तपासलेलं ब्लीडिंग असताना ही गोळी देत नाहीत.

दुखणं मात्र खरंच उतरलं. एका रात्रीत नाही, हळूहळू, आणि एक दिवस लक्षात आलं की पर्समधली मेफेनामिक अ‍ॅसिडची, म्हणजे पाळीतल्या दुखण्यावरच्या गोळीची, स्ट्रिप कित्येक दिवस उघडलीच नाही. त्या गोळीबद्दलही जाता जाता, २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने तिच्याबद्दल सावधानतेचा इशारा दिला होता, क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप, आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येते म्हणून. आपण ती गोळी शेंगदाण्यासारखी खातो.

बाकी साइड इफेक्ट म्हणाल तर डोकेदुखी झाली, छाती जड वाटली, दोन्ही ओसरलं. वजन थोडं वाढलं पण ते गोळीने की वयाने की मधल्या सुट्टीतल्या वड्याने, कोण सांगणार. मूड मात्र जपा. काही जणींना उदास वाटतं आणि आधी डिप्रेशनचा त्रास झाला असेल तर ते मॅडमना आधीच सांगा, घरच्यांनाही लक्ष ठेवायला सांगा, कारण मेनोपॉजच्या आसपास तसाही मूड हलतो आणि मग कशाने काय होतंय ते कळत नाही.

मेडिकलवाल्याचा विषय. हीच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांची येते आणि किमतीत बराच फरक असतो, स्ट्रिप बहुतेक दहाची, म्हणजे महिन्याला तीन. महिनोन्महिने घ्यायची असल्याने स्वस्त ब्रँड चालेल का ते डॉक्टरांना बिनधास्त विचारा, औषध तेच असतं. पण नुसतं डायनोजेस्ट २ मिग्रॅ आहे ना ते वाचून घ्या, डायनोजेस्ट अधिक इस्ट्रोजेन अशा गर्भनिरोधक गोळ्याही मिळतात, नाव ऐकून तसलीच पुढे सरकवतात कधी कधी. आणि आमच्या सासूबाईंचा ठाम समज होता की ही म्हणजे गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी, 'अगं ती रोज घेतात होय?' ती नॉरएथिस्टेरॉन, ही वेगळी. ती पण काही डॉक्टर एंडोला देतात, पण ती आपण आपल्या मनाने महालक्ष्म्यांच्या आधी खातो तशी ही खायची नाही.

जे होत नाही तेही सांगते. गाठ माझी लहान झाली, गेली नाही. जुन्या ऑपरेशनमुळे आत जी चिकटाचिकट झालीय ती ओढल्यासारखी दुखते कधी कधी, त्याला गोळी काही करत नाही. ही गर्भनिरोधक म्हणून मान्य गोळी नाही, ४७ ला काय होतंय म्हणून निर्धास्त राहू नका, आमच्याकडे कंडोम आहेच. चॉकलेट सिस्ट असलेल्यांना ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, थोडाच, घाबरायचं नाही पण गाठ ठेवलीय तर सोनोग्राफी चुकवायची नाही. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ताची तपासणी) एंडोमुळेही वाढतं, त्या एका आकड्यावर रात्रभर गुगल करत बसू नका. इस्ट्रोजेन थोडं दबतं म्हणून हाडांकडे लक्ष हवं, मॅडमनी हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन करायला लावला, व्हिटॅमिन डी तर माझं तळाला होतंच.

आणि पाळीच बंद आहे तर मेनोपॉज आला हे कळणार कसं, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. आमचं असं ठरलंय की पन्नाशीच्या आसपास गोळी थांबवून बघायची, पाळी आली तर परत सुरू, नाही आली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या तर मग पुढचं. पुढचं म्हणजे एचआरटी (मेनोपॉजच्या त्रासासाठी बाहेरून द्यायची हार्मोन्स) लागली तर एंडोवालीला, पिशवी काढलेली असली तरी, नुसतं इस्ट्रोजेन देऊ नये, सोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन, हवं, असं युरोपातल्या ईएसएचआरई या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्येही आहे, नाहीतर उरलेलं एंडो परत जागं होऊ शकतं. पिशवी नाही म्हटल्यावर बरेच जण सवयीने फक्त इस्ट्रोजेन लिहून देतात. म्हणून मी माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'एंडो आहे, नुसतं इस्ट्रोजेन नको', तोवर डॉक्टर कोण असतील कुणास ठाऊक.