कच्चं, शिजवलेलं की कोरडे दाणे? कुत्र्याच्या भांड्यात काय घालायचं?

कुत्र्याला कच्चं मांस घालणारं कुणी भेटलं की पाच मिनिटांत दोन गोष्टी ऐकायला मिळतात. केस किती चकाकतात आणि शी किती छोटी, घट्ट होते. दोन्ही खरं आहे. मी माझ्या कुत्रीला आठ महिने कच्चं घातलं, मलाही हेच दिसलं. आज मात्र तिच्या भांड्यात कच्चं नसतं.

आधी कच्चं म्हणजे काय, ते बघू. ढोबळ हिशोब 80-10-10 असा सांगतात: 80 टक्के मांस, 10 टक्के खाता येण्याजोगं हाड, 10 टक्के काळीज-गुर्द्यासारखे अवयव. रोजचं प्रमाण वजनाच्या दोन ते तीन टक्के, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 400 ते 600 ग्रॅम. दुसरा पंथ यात भाज्या आणि अंडी घालतो. त्याला 'बार्फ' (हाडं आणि कच्चं अन्न या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप) म्हणतात. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने 1993 पासून तो लोकप्रिय केला.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य असतं: कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच. हे अर्धंच खरं आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे तो. भात किंवा बटाटा शिजवून दिला तर तो मजेत पचवतो.

मग चकाकणारे केस आणि छोटी शी कशामुळे? मांसातले प्रोटीन आणि चरबी चांगली पचतात, आतड्यात उरतं कमी, म्हणून शी छोटी. भरपूर चरबी मिळते म्हणून केसांना तकाकी. आता तेच मांस शिजवून द्या. फायदा जवळपास तसाच राहतो. म्हणजे गुण ताज्या, मांसाहारी जेवणाचा आहे, कच्चेपणाचा फारसा नाही. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटायला हवा, पण मिटत नाही, कारण 'कच्चं' हा शब्दच अनेकांना नैसर्गिक आणि शुद्ध वाटतो.

कच्चेपणामुळे जे नक्की वाढतं ते म्हणजे जंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात पाळीव प्राण्यांच्या तयार कच्च्या खाद्याचे 196 नमुने तपासले. 15 मध्ये साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया सापडला. डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात, हा गैरसमज आहे. गोठवल्याने काही परजीवी मरतात, जिवाणू मात्र बहुतेक नुसते झोपतात. कुत्रा स्वतः आजारी पडेलच असं नाही. तो ठणठणीत असतो आणि शीतून जंतू बाहेर टाकत राहतो. म्हणून हा प्रश्न कुत्र्याचा कमी आणि घराचा जास्त आहे.

आमच्याकडे काय व्हायचं सांगते. कोंबडीची मान भांड्यात ठेवली की माझी कुत्री ती तोंडात धरून थेट बैठकीच्या पायपुसण्यावर जायची. दोन्ही पंजांत पकडून कटकट चावायची, मग उठून माझ्या गालाला चाटायची. मी दिवसातून दोनदा फरशी पुसायचे, पायपुसणं गरम पाण्यात धुवायचे. एके दिवशी त्याच पायपुसण्यावर माझी रांगती भाची हात टेकून बसलेली दिसली आणि हात थेट तोंडात. काही झालं नाही तिला. मी मात्र त्या संध्याकाळपासून कच्चं बंद केलं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशननेही 2012 मध्ये कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं मांस पाळीव प्राण्यांना देऊ नये असं धोरण घेतलं.

हाडांचं थोडक्यात: शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. कच्चं तुलनेने बरं, पण पायाचं जाड हाड चावताना वरची मोठी दाढ तुटते, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशन.

इथपर्यंत वाचून 'चला, घरीच शिजवू' असं वाटलं असेल तर जरा थांबा. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. कुत्र्याला दोन्ही साधारण बरोबरीने, किंवा कॅल्शियम थोडं जास्त लागतं. शिजवताना हाड काढलं की कॅल्शियम वेगळं घालावंच लागतं. नाही तर वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, साध्या उडीत मोडतात. 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता. जस्त, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्व हे अंदाजाने जमत नाही. 'आज थोडं गाजर घातलं' म्हणजे संतुलित झालं, असं होत नाही. कच्च्यालाही हेच लागू आहे. उलट तिथे एक जास्तीची भानगड: गळ्याचे तुकडे रोज घातले तर त्याला चिकटलेली थायरॉइड ग्रंथी पोटात जाते आणि रक्तातलं थायरॉइड संप्रेरक वाढलेल्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत.

पाकिटात मिळणारं तयार खाद्य म्हणजे कोरडे दाणे कंटाळवाणे खरे, पण हा हिशोब दुसऱ्या कुणीतरी करून दिलेला असतो. पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित' आणि कोणत्या वयासाठी, हे लिहिलेलं बघा. पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचं मांसाचं चित्र बघू नका. दाणेही निर्दोष नाहीत. 2007 मध्ये मेलामाइन या औद्योगिक रसायनाच्या भेसळीमुळे उत्तर अमेरिकेत प्रचंड माल परत मागवला गेला, मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने कुत्रे दगावले आहेत, आणि साल्मोनेला दाण्यांतही सापडतो, कच्च्यापेक्षा कमी. शिवाय दात साफ होतात ही समजूत पोकळ आहे. बरेच कुत्रे दाणे नीट चावतच नाहीत, गिळतात. पाकीट उघडून महिना-दीड महिना झाला की तेल खवट होतं. वास घेऊन बघा, जुन्या तळणाच्या तेलासारखा येतो. आणि दाणे वजनाने हलके, उष्मांकाने जड. डोळ्यांच्या अंदाजाने वाटी भरली की कुत्रा लठ्ठ झालाच म्हणून समजा.

तर ठरवताना आधी घर बघा, मग कुत्रा. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर स्वतःचे प्रयोग नकोत, त्या वयासाठीचे दाणेच द्या. स्वादुपिंड (पॅन्क्रियास) आधीच नाजूक असलेल्या कुत्र्याला चरबीदार मांस कच्चं नको, शिजवलेलंही नको. मोठी, धट्टीकट्टी माणसं, निरोगी प्रौढ कुत्रा आणि तरीही कच्चंच द्यायची इच्छा असेल, तर जंतू कमी करायला उच्च दाबाने प्रक्रिया केलेलं, संपूर्ण असं लिहिलेलं तयार खाद्य घ्या. फ्रिजमध्येच वितळवा, स्टीलच्या भांड्यात द्या, उरलेलं लगेच उचला. कच्चं डुक्कर नको. त्यातून ऑजेस्की नावाचा रोग होऊ शकतो आणि झाला तर कुत्रा वाचत नाही.

माझी सध्याची व्यवस्था अशी: दोन्ही वेळा मोजून दाणे, संध्याकाळी वर उकडलेलं चिकन, दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. तेवढ्याने दाण्यांचा हिशोब बिघडत नाही. कुठल्याही बाजूला बदल करायचा तर सात ते दहा दिवस घ्या, आधी पाव भाग नवं, मग अर्धं. शी पातळ झाली तर एक पायरी मागे जाऊन दोन दिवस तिथेच थांबा.