थेंब घरंगळतात म्हणून जॅकेट वॉटरप्रूफ नसतं: माझी फसवणूक आणि भाचीची भिजलेली वाट

राजमाचीच्या वाटेवर तुंगार्ली मागे पडून तास-दीड तास झाला असेल. भाची मागून म्हणाली, "मावशी, खांद्यावर गार लागतंय." मी म्हटलं, घाम असेल, चाल. जुलैच्या दमट हवेत कुठलंही जॅकेट घातलं तरी आतून घाम सुटतो, हे इतक्या पावसाळ्यांच्या अनुभवाने मला पक्कं माहीत होतं, आणि त्याच अनुभवाने घात केला. अर्ध्या तासाने एका ओढ्याच्या अलीकडे तिने सॅक उतरवली, तेव्हा मी तिच्या जॅकेटची चेन उघडून आत हात घातला. टी-शर्ट गळ्यापासून छातीपर्यंत चिंब. घाम असा गार नसतो. हे पावसाचं पाणी होतं.

ते जॅकेट तिच्यासाठी मीच घेतलं होतं. तिचा हा पहिलाच दोन दिवसांचा पावसाळी ट्रेक. लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याचं गाव उधेवाडी, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कर्जतच्या बाजूला उतरायचं. तिला सॅक जड नको होती, म्हणून मी मे महिन्यापासूनच हलकं आणि टिकाऊ काहीतरी शोधत होते. एकदा शोधायला लागलं की मोबाईलवर तेच तेच दिसू लागतं. त्यातच ही जाहिरात आली. परदेशी ऑर्डर रद्द झाली, एक्स्पोर्टचा माल आहे, थोडेच नग शिल्लक. ११,९९९ वर काट, खाली ३,४९९. तीन लेयर, २०,००० मिमी वॉटरप्रूफ, वजन फक्त २८० ग्रॅम. आणि 'गोर-टेक्स टाइप मेम्ब्रेन'. गोर-टेक्स हा वॉटरप्रूफ कापडाचा नावाजलेला ब्रँड, मेम्ब्रेन म्हणजे कापडातला पातळ पडदा. या 'टाइप' शब्दाशी मी थांबायला हवं होतं. ज्याच्याकडे खरं कापड असतं, तो टाइप कशाला लिहील?

पण मला पटवलं ते व्हिडिओने. एक माणूस जॅकेटवर तांब्याभर पाणी ओततो, पाण्याचे मोती होतात, टपाटप घरंगळतात, तो हाताने झटकतो, कापड कोरडं. आगाऊ पैसे भरले तर दोनशे रुपये कमी होते, म्हणून मी यूपीआयने लगेच भरले. पार्सल आल्यावर बाथरूममध्ये शॉवरखाली दोन मिनिटं धरून बघितलं. तसेच मोती, तसेच घरंगळले. मी समाधानाने घडी घालून ठेवलं. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. ट्रेक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.

इथे नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी इथे आहे. थेंब घरंगळतात ते कापडावर दिलेल्या एका रासायनिक लेपामुळे. हा लेप स्वस्तातल्या विंडचीटरलाही देता येतो, छत्रीच्या कापडालाही. तो नवा असताना छान दिसतो. पाणी आत येऊ न देण्याचं खरं काम वेगळ्या गोष्टी करतात: कापडाच्या आतला पातळ पडदा किंवा कोटिंग, आणि शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी. सुई जिथे जिथे जाते तिथे भोक पडतं. खांद्याच्या एका शिवणीत अशी शेकडो भोकं असतात. त्यावर टेप नसेल तर कापड कितीही भारी असो, पाणी शिवणीतून येतं. त्यातून सॅकचे पट्टे खांद्यावर आठ-दहा किलोचा दाब देतात, म्हणजे साचलेलं पाणी त्या भोकांतून आत दाबलं जातं. शॉवरखाली दोन मिनिटं मोकळं धरलेल्या जॅकेटवर हा दाब कुठून येणार?

२०,००० मिमीचंही तसंच. कापडावर पाण्याचा किती उंचीचा स्तंभ उभा राहिला तर ते झिरपायला लागतं, ते मोजण्याचा हा आकडा. म्हणजे वीस मीटर. आकडा खरा असला तरी तो कापडाचा असतो, शिवणीचा नाही. आणि टॅगवर तो छापायला छापखान्याशिवाय काहीच लागत नाही.

ओढ्यापासून उधेवाडीपर्यंतची वाट मी विसरणार नाही. पाऊस आडवा होता, मोकळ्या पठारावर वारा झोडपत होता. माझं जुनं, जाड, जड जॅकेट मी तिला घातलं आणि मी पोंचो घेतला, पण ती आतून भिजलेलीच होती. शेवटच्या टप्प्यात तिला सॅकचा बक्कल सोडवता येईना. बोटं वळत नव्हती. मी काही विचारलं की दातांवर दात आपटत अर्धंच उत्तर यायचं. उन्हाळ्यात घामाने जीव काढणारा हा सह्याद्री पावसात आणि वाऱ्यात अंगातली ऊब किती पटकन ओढून नेतो, हे नव्या मुलांना कोणी सांगत नाही. ओले कपडे अंगावर ठेवून चालत राहणं धोक्याचं आहे. उधेवाडीत पोचल्यावर ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या काकूंनी तिला काही न विचारता चुलीसमोर बसवलं, कोरडी साडी गुंडाळली आणि गवती चहाचा पेला हातात दिला. तासाभराने ती बोलायला लागली. मी तेवढा वेळ चुलीकडे बघत बसले होते. सकाळी आम्ही कोंढाणे लेण्यांकडे न उतरता आल्या वाटेने परत फिरलो.

पुण्याला आल्यावर मी जॅकेट टेबलावर पसरलं आणि आतलं जाळीचं अस्तर कात्रीने कापलं. ते आधीच करायला हवं होतं. 'तीन लेयर' म्हणजे बाहेरचं कापड, पडदा आणि आतलं पातळ कापड एकमेकांना चिकटवून एकच झालेलं असतं. तिथे सुटी लोंबणारी जाळी नसते. या लोकांनी जाळीला तिसरा थर मोजलं होतं, आणि त्याच जाळीने शिवणी झाकल्या होत्या. टेप होती, पण फक्त टोपीला आणि मानेच्या मागे, जिथे दुकानात माणूस आधी बघतो. खांदा, काख, बाही सगळं उघडं. खांद्याची शिवण ट्यूबलाइटसमोर धरली तर एकेक टाक्याचं भोक चमकत होतं. पट्टा जिथे घासला होता तिथलं आतलं कोटिंग नखाने पांढऱ्या पुडीसारखं निघालं, एका दिवसात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ४३० ग्रॅम भरलं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं: "मॅडम, हे वॉटर रेझिस्टंट आहे, हेवी रेनसाठी नाही. रिटर्न पीरियड संपलाय." मी जाहिरात उघडून 'वॉटरप्रूफ' दाखवायला गेले तर शब्द बदलला होता. माझ्याकडे स्क्रीनशॉट नव्हता. फोन उचलला जाईना, दोन दिवसांनी नंबर ब्लॉक. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, बनवल्याचा देश नाही. नाव-पत्ता लिहिणं, आणि माल आयात केलेला असेल तर देशही लिहिणं, कायद्याने बंधनकारक आहे, ते नसणं हीच पहिली खूण होती.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दाखवला पाहिजे, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून कागद जमवते आहे. पैसे भरल्यावर माल आलाच नाही, लिंकवरून खातं रिकामं झालं, असं काही असेल तर थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि तोही तासाभरात, दुसऱ्या दिवशी नाही.

आता मी कशी बघते, ते सांगते. जॅकेट उलटं करते आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवते. काखेत, खिशाच्या तोंडाशी, टोपीच्या जोडावर टेप सलग लागली पाहिजे. कुठे तिचं टोक नखाने उचललं जात असेल तर ठेवून देते. जाळीचं अस्तर असेल तर आत काय आहे ते बघितल्याशिवाय घेत नाही. फार हलक्याच्या मागे लागत नाही. सह्याद्रीत करवंदाची जाळी आणि कातळ, दोन्ही अंगाला घासतात. अगदी पातळ कापड सॅकच्या पट्ट्याखाली झिजतं. थोडे ग्रॅम जास्त, पण खांद्याला मजबूत कापड आणि काखेत उघडता येणारी चेन, एवढं मला पुरे. घामाची वाफ बाहेर सोडणारं 'श्वास घेणारं' कापड वगैरे आपल्या श्रावणातल्या हवेत फारसं उपयोगी पडत नाही, तिथे काखेची चेनच कामाला येते. आणि जॅकेट ओलं गुंडाळून कपाटात कधी ठेवत नाही. दमटपणात पॉलियुरेथेनचं कोटिंग चिकट होऊन सोलत जातं, वर्षभराने मग चांगलं जॅकेटही गळतं.

भाचीसाठी दुसरं जॅकेट गेल्या महिन्यात घेतलं, ओळखीच्या ट्रेकिंगच्या दुकानातून, पक्कं बिल करून. मुदत संपायच्या आत बाथरूममध्ये परीक्षा घेतली. तिने आत खांद्यांवर आणि बाह्यांत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, वरून तांदळाच्या पिशव्या भरलेली सॅक पाठीवर घेतली आणि वीस मिनिटं पूर्ण शॉवरखाली उभी राहिली. बाहेर आल्यावर आम्ही एकेक घडी उलगडून बघितली. खांद्याचा कागद कुरकुरीत होता. उजव्या मनगटाचा तेवढा ओला होता, कारण टोपी सारखी करायला तिने हात वर केला होता.