कच्चा नीलम घेताना: सिलोन, ऑस्ट्रेलिया की मोंटाना?

पैलू पाडायला पहिल्यांदाच कच्चा नीलम घेणाऱ्याला सोलापुरात सगळ्यात जास्त फसवतं ते आपलं ऊन. भर दुपारी अंगणात धरलेला गडद दगडही निळाशार दिसतो, आणि घरात ट्यूबलाइटखाली आणला की काळा पडतो. म्हणून आधी उत्तरेच्या खिडकीपाशी सावलीत बघा, रात्री पिवळ्या दिव्याखाली परत बघा. ऊन वापरायचं ते फक्त चिरा शोधायला. मला हे उशिरा कळलं. माझ्या पहिल्या खरेदीतला सगळ्यात मोठा ऑस्ट्रेलियन दगड पैलू पडल्यावर शाईच्या थेंबासारखा झाला.

न तापवलेल्या, म्हणजे रंग खुलवायला भट्टीत न घातलेल्या, मालात मी या तीन ठिकाणचे दगड शेजारी शेजारी ठेवून बघतो.

सिलोनचा, म्हणजे श्रीलंकेतल्या रत्नपुराकडचा दगड उजळ असतो. आकार बरेचदा दोन्हीकडे निमुळता, सुताच्या चातीसारखा. रंग मात्र दगडभर सारखा नसतो. कधी सगळा दगड पांढुरका आणि सालीलगत एकच निळा डाग, एवढंच असतं. नवखा माणूस असा दगड बाजूला सारतो, पण तो डाग पैलू पाडताना खालच्या टोकाशी आणता आला तर वरून अख्खा दगड निळा दिसतो. डाग कडेला राहिला तर अर्धा दगड काचेसारखा रिकामा दिसेल. त्यामुळे डाग कुठे आहे यावर किंमत ठरवा, किती गडद आहे यावर नको. दुसरी गोष्ट दिशेची. चातीच्या टोकाकडून आत पाहिलं तर निळा शुद्ध दिसतो, आडवं पाहिलं तर त्यात हिरवट झाक येते. चांगल्या रंगासाठी वरचा सपाट पैलू लांबीला आडवा घ्यावा लागतो, आणि लांबट दगडात तसं केलं की वजन निम्म्याहून खूप खाली जातं. म्हणून बुटका, जाडजूड दगड शोधा.

इथे हिशेब करूनच बघा. एक ग्रॅम म्हणजे पाच कॅरेट. लांबट दगड 10,000 रुपये ग्रॅमने घेतला आणि वीस टक्के वजन हाती राहिलं, तर तयार कॅरेट 10,000 ला पडला. बुटका दगड 14,000 ने घेतला आणि पस्तीस टक्के राहिलं, तर तोच कॅरेट 8,000 ला. महाग दिसणारा स्वस्त पडला, मजुरी तर अजून धरलेलीच नाही.

ऑस्ट्रेलियाचा माल बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, प्रदेशातला, लोहामुळे गडद. दगडाची पातळ कड दिव्यासमोर धरा. कडेलाही उजेड आरपार येत नसेल तर तो सोडून द्या, कितीही स्वस्त असो. क्वीन्सलँडमधले निळे, हिरवे, पिवळे पट्टे एकाच दगडात असलेले नग मात्र मला मनापासून आवडतात.

अमेरिकेतल्या मोंटानाचे दगड लहान आणि बरेचसे स्वच्छ. तिथल्या रॉक क्रीक भागाचा माल फिका निळा-हिरवा असतो आणि रंग खुलवायला तो सर्रास तापवतात, म्हणून ‘न तापवलेला’ हे वेगळं विचारून घ्या. तिथल्याच योगो भागाचा निळा निसर्गतःच सुरेख असतो, पण दगड चपटे, बारीक आणि महाग.

तपासणीला पांढऱ्या वाटीत खोबरेल तेल घेऊन दगड बुडवा. थंडीत तेल थिजलं तर ग्लिसरीन चालेल. साल जणू नाहीशी होते आणि रंगाचे पट्टे, आतल्या चिरा उघड्या पडतात. पट्टे सरळ किंवा कोनात वळलेले असतील तर ठीक. ते कमानीसारखे वाकलेले दिसले तर तो भट्टीतला कृत्रिम नीलम, जो 1910 च्या सुमारापासून बनतो आहे. दहापट भिंगातून बारीक रेशमी सुया साठ अंशांत एकमेकींना छेदताना दिसल्या तर दगड न तापवलेला असल्याची आशा धरायला हरकत नाही, कारण जास्त उष्णतेत त्या तुटून ठिपके होतात. पण कमी तापवलेल्या दगडात सुया टिकतात, आणि स्वच्छ दगडात त्या मुळात नसतातच. मोठी रक्कम घालणार असाल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठा आणि प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

स्वतः पैलू पाडायला शिकत असाल तर मी मोंटानाचे दोन-तीन गुबगुबीत दगड किंवा पट्ट्यांचा ऑस्ट्रेलियन घ्यायला सांगेन. शनीसाठी किंवा घरच्या अंगठीसाठी एकच नग हवा असेल, तर सिलोनचा बुटका दगड घ्या आणि जयपूरच्या अनुभवी कारागिराकडे द्या. निळा डाग कुठे आहे ते त्याला तेलाच्या वाटीतला फोटो पाठवून आधीच दाखवा.