रोज तीच फ्रेम की दिसेल ते?
स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या उल्लापूलसारख्या गावात रोज एक फोटो काढायचा तर दोन पर्याय, एकतर रोज त्याच जागेवरून लॉख ब्रूम ही समुद्राची खाडी नाहीतर फिरताना दिसेल ते. मला पहिलं जास्त आवडतं, कारण तिथे खरी गंमत उजेडाची, डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसहा तास आणि जूनमध्ये जवळपास १८, ते दोन फोटो शेजारी ठेवले की बघतच राहावं असं वाटतं. दुसऱ्यात माणसं येतात, समोरच्या बेटावरच्या स्टॉर्नोवे गावाला निघालेली फेरीबोट, धक्क्यावर रचलेले कोळंबीचे पिंजरे, म्हणजे १७८८ ला हेरिंग माशांच्या मासेमारीसाठी वसवलेलं गाव आज कसं जगतंय ते दिसतं. फक्त पावसापाण्याच्या आठवड्यात बाहेर पडणं होत नाही मग खाडे पडतात, एकच फ्रेम असली तर खिडकीतूनही भागतं.