प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणावरील पदव्युत्तर अभ्यासक्रम: एका शिक्षिकेचा अभिप्राय

सर्वांत आधी गणिते सोडवून मोकळ्या बसलेल्या मुलाला आणखी दहा गणिते घालणे, एवढा एकच उपाय मला नोकरीची चौदा वर्षे ठाऊक होता. शाळा सांभाळून दोन वर्षांत पूर्ण केलेल्या या अभ्यासक्रमाने ती सवय मोडली आणि माझ्या लेखी त्याचे शुल्क तेवढ्यावरच वसूल झाले. तरीही प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांनी त्याची उणी बाजू आधीच समजून घ्यावी.

पहिले सत्र प्रज्ञावान मुले ओळखायची कशी, या प्रश्नाला वाहिलेले आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंक पाहून निवडलेल्या दीड हजारांवर मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्यांच्या निवडीत न बसलेले विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ पुढे भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले, हे वाचल्यावर केवळ बुद्ध्यंकावर विसंबण्यातला धोका निराळा सांगावा लागत नाही. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली प्रज्ञेची तीन वर्तुळे, म्हणजे सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाची चिकाटी, येथे उत्तम शिकवली जातात. दुसऱ्या सत्रातला मानसशास्त्राचा भाग मात्र पसरट आहे.

अभ्यासक्रमाचे खरे मोल तिसऱ्या सत्रातील एका स्वाध्यायात आहे. घटक शिकवण्यापूर्वी पूर्वचाचणी घ्यायची, मुलाला आधीच येणारा भाग गाळायचा आणि वाचलेल्या तासांत त्याला अधिक खोलात जाणारे काम द्यायचे, अशी ही पद्धत आहे. मी अपूर्णांकांवर वीस प्रश्न काढले. प्रत्येक प्रश्नाला हात वर करणाऱ्या मुलाला अकरा गुण मिळाले आणि जिची वही कधीच पूर्ण नसते, त्या मुलीला अठरा! तिला मी एक सप्तमांशाचे दशांश रूप काढायला दिले. सहा अंकांनंतर तेच अंक पुन्हा येतात, हे तिने ओळखलेच, पण दोन सप्तमांशातही तेच अंक त्याच क्रमाने, फक्त निराळ्या अंकापासून सुरू होऊन येतात, हेही मी न विचारता दाखवले. तीव्र बुद्धी आणि लेखनातील अडचण एकाच मुलात असू शकतात, हे प्रकरण मी त्यानंतर दुसऱ्यांदा वाचले. (त्या वह्यांवर माझ्याच हातचे लाल शेरे होते, हे सांगायला हवे.)

तक्रार आहे ती प्रात्यक्षिकांविषयी. दोन वर्षांत माझ्या एकाच पाठाचे निरीक्षण झाले, तेही चित्रफितीवरून, आणि मार्गदर्शकांचा अभिप्राय सात आठवड्यांनी हाती आला, तोपर्यंत तो घटक शिकवून संपलेला होता. मुलाला एक इयत्ता वगळून पुढे नेण्यावर येथे सविस्तर वाचन आहे आणि ते वाचनीयही आहे. परंतु असा निर्णय घेताना मुख्याध्यापकांशी आणि धास्तावलेल्या पालकांशी बोलायचे कसे, याचा सराव कोठेही करून घेतला जात नाही, आणि शाळेत पहिली अडचण नेमकी तेथेच येते.

ज्यांच्याकडे सध्या शिकवायला वर्ग नाही, त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये, कारण तिसरे सत्र त्यांच्यासाठी कागदावरच राहील. इतरांनी शुल्क भरण्यापूर्वी किती पाठांचे निरीक्षण होणार आणि अभिप्राय किती दिवसांत मिळणार, हे लेखी मागून घ्यावे.