वायलीज वेल आणि कून हॉलो : एका हंगामाच्या मुक्कामानंतर

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला, ॲरिझोनाच्या सीमेवरील ब्लाइद गावाच्या नैर्ऋत्येस, वायलीज वेल आणि कून हॉलो ही दोन सरकारी मुक्कामस्थळे आहेत. संपूर्ण हिवाळाभर सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही येथे तंबू टाकून राहिलो आणि आसपासच्या टेकड्यांत दगड शोधले. दगडांची आवड असणाऱ्याने येथे एखादा शनिवार-रविवार काढून परतू नये; शक्य असल्यास पूर्ण हंगामाचा परवाना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ही जागा ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय विभागाच्या म्यूल माउंटन्स दीर्घ मुक्काम क्षेत्रात येते. हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सात महिन्यांचा असतो. आम्ही परवाना घेतला तेव्हा पूर्ण हंगामाचे शुल्क 180 डॉलर आणि सलग 14 दिवसांचे 40 डॉलर होते. या पैशांत टेबल, चुलीसाठी लोखंडी कडे, खड्ड्याचे शौचालय आणि मोकळी जमीन मिळते. पाणी मिळत नाही, वीज मिळत नाही, दुकान तर दूरच. माणशी रोजचे किमान चार लिटर पिण्याचे पाणी, त्यावर भांड्यांसाठी आणि हात धुण्यासाठी वेगळे, असा हिशेब करून सर्व पाणी ब्लाइदहूनच भरून न्यावे. जळणही सोबत आणावे, कारण ओढ्याकाठच्या वाळक्या फांद्या येथील जीवांना आसरा देतात.

आंतरराज्य महामार्ग 10 वर ब्लाइदच्या पश्चिमेला वायलीज वेल रस्त्याचा फाटा लागतो. तेथून दक्षिणेकडे तुरुंगाच्या वळणापर्यंत डांबर आहे, पुढे खडी आणि माती. महामार्गापासून वायलीज वेल साधारण 15 किलोमीटरवर आणि कून हॉलो त्याच्याही पुढे सुमारे 5 किलोमीटरवर आहे. कोरड्या हवेत साधी मोटारही तेथवर जाते, मात्र वाटेत मोठे कोरडे ओढे आडवे येतात. दूर डोंगरात पाऊस पडला, तर डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही त्या ओढ्यांना अचानक लोंढा येऊ शकतो. म्हणून ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये आणि ढग दिसत असतील तर निघण्याची घाई करू नये.

दोन्हींपैकी आम्हाला कून हॉलो अधिक आवडले. वायलीज वेल ब्रॅडशॉ ट्रेलच्या तिठ्यापाशी असल्याने तेथून वाहनांची ये-जा अधिक असते. ही वाट विल्यम ब्रॅडशॉने 1862 मध्ये सॅन बर्नार्डिनोहून कोलोरॅडो नदीकाठच्या ला पाझच्या सोन्याच्या खाणींकडे जाण्यासाठी आखली. तेव्हाच्या प्रवासात वाटेवरच्या पाण्याचे काय मोल असेल, हे आज पाण्याचे कॅन उचलताना नीट कळते. कून हॉलोला आडोसा बरा आहे, आयर्नवुड आणि पालो व्हर्दे यांची झाडे आहेत, आणि दगडांच्या जागा जवळ पडतात.

आता मुख्य विषय. कून हॉलोच्या दक्षिणेला पश्चिमेकडे वळणाऱ्या कच्च्या वाटेने हाउझर जिओड बेड्सकडे जाता येते. या वाटेला उंच बांध्याची गाडी हवी, आणि चारही चाकांना जोर मिळणारी असेल तर उत्तम. जिओड म्हणजे आतून स्फटिकांनी मढलेला पोकळ गोळा. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात अशा दगडांचे चित्र बेसाल्टचे असते, कारण आपल्याकडे लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी स्फटिक तयार झाले आणि वाघोलीसारख्या ठिकाणच्या खाणींत सुरुंगाने कठीण खडक फुटला की ते उघडे पडतात. येथील खडक वेगळा आहे. सिलिकाने (गारगोटीच्या मूळ द्रव्याने) समृद्ध, चिकट रायोलाइटी लाव्ह्यात आणि राखेत गोळे बनले, त्यांच्या मधल्या पोकळीत भूजलाने आणलेली सिलिका थरावर थर बसली, आणि कालांतराने भोवतालची राख इतकी मऊ झाली की टणक गोळा तिच्यातून अखंड सुटून येतो. यामुळेच येथे सुरुंगाची गरज नाही. छोटी कुदळ, छिन्नी, हातोडी आणि भरपूर सबुरी पुरते.

आधीच्या शोधकांनी टाकलेली माती चाळूनही लहान गोळे मिळतात, आणि नवख्यांनी तेथूनच सुरुवात करावी. उभ्या भिंतीखाली पोखरत जाण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ही राख वरून अचानक ढासळते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटणारा गोळा पोकळ असण्याची शक्यता जास्त. जड गोळ्यात बहुधा भरीव अकीक (ॲगेट) असतो, आणि पट्टेदार अकीक मला पोकळीइतकाच प्रिय आहे. जागेवरच हातोडीने गोळे फोडू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. हिऱ्याच्या करवतीने कापलेला गोळा आपली सारी रचना दाखवतो, फोडलेल्यातील निम्मे स्फटिक चुऱ्यात जातात. राख खणताना आणि दगड घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. तेव्हा एन-95 मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

कून हॉलोच्या परिसरातील अग्नी-अकीक हा माझ्या दृष्टीने या मुलखाचा खरा मानबिंदू आहे. तपकिरी कॅल्सेडनीच्या (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या सिलिकेच्या) फुगवट्यांत लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने हिरवी, तांबडी, सोनेरी झळाळी दिसते. जमिनीवर पडलेला तुकडा अगदी सामान्य दिसतो. तो पाण्याने ओला करावा, सूर्याकडे तिरका धरावा आणि हळूहळू फिरवावा. झळाळी असेल तर एखाद्या कोनात ती चमकून जाते. त्याला सरळ काप देऊन उपयोग नसतो, कारण थर वळणावळणाने जातो आणि घासणाऱ्याला त्याच वळणांमागे जावे लागते. ही नजर तयार व्हायला वेळ लागतो. हंगामाच्या सुरुवातीला ज्या उतारावरून आम्ही नुसते चालत गेलो, त्याच उतारावर फेब्रुवारीत आम्हाला चांगले तुकडे दिसू लागले.

नियमांबाबत हलगर्जी करू नये. स्वतःच्या छंदासाठी वाजवी प्रमाणात दगड नेता येतात, विक्रीसाठी नाही. अश्मीभूत लाकडाची मर्यादा दिवसाला 25 पौंड व एक तुकडा आणि वर्षाला 250 पौंड अशी आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म आणि जुन्या मूलनिवासी वस्तींचे अवशेष यांना हात लावू नये. जानेवारी 2025 मध्ये घोषित झालेले चकवाला राष्ट्रीय स्मारकही याच मुलखात असल्याने आजच्या सीमा आणि त्यांतील नियम निघण्यापूर्वी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. दक्षिणेला चॉकलेट माउंटन्सचा लष्करी बॉम्बफेक सराव प्रदेश आहे. त्याच्या फलकांपलीकडे कोणत्याही कारणाने जाऊ नये. विमानांचे आवाज आणि दूरचे धमाके कधीकधी ऐकू येतात. लहान मुले सोबत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवावे.

वाळवंटी कासव 1990 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय यादीत आहे. ते सावलीसाठी उभ्या गाडीखाली येऊन बसते, त्यामुळे गाडी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी खाली वाकून पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली.

परवाना सप्टेंबरच्या मध्यापासून मिळत असला, तरी तेव्हा दुपारी खणणे धोक्याचे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दिवस सुमारे 20 अंशांचे असतात, पण जानेवारीच्या रात्री पारा पाचच्या आसपास येतो आणि जाड अंथरूण लागते. मोबाइलच्या भरवशावर राहू नये, कागदी नकाशा आणि चांगले जादा चाक सोबत असावे, आणि परतण्याची वेळ घरी कोणाला तरी सांगून निघावे. ज्यांना नळ, दिवे आणि शेजार हवा आहे, त्यांनी ब्लाइदमध्ये खोली घेऊन दिवसा येथे यावे. आम्ही पुढच्या हंगामालाही पूर्ण मुदतीचाच परवाना घेणार आहोत आणि तंबू कून हॉलोलाच लावणार आहोत.